वस्ती गरीब आहे म्हणून खून होतात का? जरा लांबच उत्तर देते

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मुंबईत एका टॉवरमध्ये फ्लॅट बघितलाय, आठव्या मजल्याच्या खिडकीतून खाली सरळ झोपडपट्टीचे पत्रे आणि निळी ताडपत्री दिसते, सासूबाई म्हणतात अशा ठिकाणी मारामाऱ्या चालायच्याच, गरिबी आहे ना. मग गरिबीनेच हिंसा वाढते का, की शेजारी टॉवर उभा राहिला म्हणून, म्हणजे विषमतेने वाढते, आणि तसं असेल तर त्याच गल्लीतली बाकीची पोरं सरळ कशी काय राहतात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, तो लोक सहसा विचारतच नाहीत.

माझी ओळख एवढीच की गेली चोवीस वर्षं मी पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये आणि जेलच्या मुलाकातीच्या रांगेत काम करतेय. कच्चे कैदी (खटला अजून चालू असलेले), त्यांच्या घरचे, जामिनाची कागदपत्रं, तारखा, सुटून आल्यावर कुठेतरी चिकटवून देणं, हेच. मी वकील नाही आणि पोलीस तर अजिबातच नाही, पण या विषयावरचं जे वाचण्यासारखं आहे ते वाचलंय, कारण रोज समोर जे दिसायचं त्याचा अर्थ लागेना.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की गरीब माणूस भुकेला, श्रीमंताकडे बघून त्याचं डोकं फिरतं, मग तो चाकू घेऊन त्याला लुटतो. असं होत नाही असं नाही, पण हे फार थोडं होतं. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले, त्यात लुटीसाठी, पैशाच्या फायद्यासाठी झालेले १,८८४. आणि 'वादातून' झालेले ९,९६२, त्याखालोखाल जुन्या दुश्मनीतून ३,७६१. म्हणजे चोरी-लुटीतून जेवढे मेले त्याच्या पाचपट लोक नुसत्या भांडणात मेले. आणि भांडण कोणाशी होतं? तुमच्यासारख्याच माणसाशी. शेजारी, भाऊबंद, नाक्यावरचा मित्र, पार्टनर. टॉवरमधल्या साहेबाशी भांडायला त्याची आणि तुमची गाठ पडायला तर पाहिजे. त्यामुळे सासूबाईंना पहिलं हे सांगा, वस्तीतल्या हिंसेत मरतो तो वस्तीतलाच.

आता एक केस सांगते, नावगाव सोडून. पोरगा एकोणीस वर्षांचा, चिकनच्या दुकानात कामाला, आधीची एकही केस नाही. कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, ज्याला वस्तीत सगळे 'हाफ मर्डर' म्हणतात (आता नवीन कायद्यात ते १०९ झालंय, पण पोरं अजून ३०७ च म्हणतात, जुनी नोट असल्यासारखं). कारण काय तर पाणी. गल्लीत पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सव्वापाचला जायचं. एका घराने पाइपला मोटर लावली की पुढच्या तीन घरांचे नळ नुसते फुसफुस करतात. पोराच्या आईने मोटर बंद कर म्हटलं, शब्दाला शब्द लागला, हंडा लाथाडला गेला, पोरगा मध्ये पडला आणि मोटरवाल्याने त्याला सगळ्या रांगेसमोर कानाखाली वाजवली. एवढंच. त्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हा दुकानातला सुरा घेऊन आला.

मी त्याला जेलमध्ये भेटले तेव्हा विचारलं, अरे पाण्यासाठी? तर तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच येडी. म्हणाला, पाणी गेलं तेल लावत मॅडम, सगळ्यांसमोर मारलं ना.

हे वाक्य मी वेगवेगळ्या पोरांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही. सगळ्यांसमोर. विषमता काम करते ती या शब्दातून. ज्याच्याकडे डिग्री आहे, पगार आहे, बुलेट आहे, त्याला एक कानाखाली बसली तर तो घरी जाऊन आयोडेक्स लावेल, फार तर वकिलाची नोटीस पाठवेल, कारण त्याची किंमत बाकी चार ठिकाणी लागलेली आहे. ज्याच्याकडे गल्लीत 'याच्या नादाला लागू नको' एवढं एकच भांडवल आहे त्याचं ते भांडवल भर रांगेत लुटलं गेलं. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या मानसशास्त्रज्ञ जोडीने १९८८ च्या पुस्तकात खुनांबद्दल साधारण हेच मांडलं होतं, की क्षुल्लक वाटणाऱ्या भांडणामागे तरुण पुरुषांची इज्जतीची स्पर्धा असते, आणि मिळवण्यासारखं जितकं थोडं आणि वाटप जितकं वाकडं, तितकी ती स्पर्धा जीवघेणी. आपल्याकडे त्याला एक शब्द पुरतो, खुन्नस.

अभ्यास काय सांगतात? गरिबी आणि हिंसा यांचा संबंध आहे, हे नाकारून चालणार नाही. १९९३ मध्ये दोन संशोधकांनी आधीचे ३४ अभ्यास एकत्र करून बघितले, गरिबी घ्या नाहीतर विषमता, जवळजवळ सगळीकडे हिंसक गुन्ह्यांशी संबंध दिसला, आणि गंमत म्हणजे खून आणि मारहाण यांच्याशी जास्त घट्ट, लुटीशी त्यापेक्षा सैल. २००० साली अमेरिकेतल्या शहरी भागांवर एक अभ्यास आला, त्यात तर अजून सरळ निघालं की विषमतेने हिंसक गुन्हे वाढतात, चोऱ्यांवर तिचा परिणाम दिसत नाही, चोऱ्यांचा संबंध गरिबीशी आणि पोलिसांच्या हजेरीशी. म्हणजे आपल्या डोक्यातल्या चित्राच्या बरोब्बर उलटं. देशांची तुलना करणारे पण आहेत, जिथे विषमता जास्त तिथे खून जास्त असं ते दाखवतात, आणि त्यांच्यावर उलट टीका करणारेही आहेत की बाबांनो गणितात गरिबी नीट धरली तर विषमतेचा परिणाम उरतच नाही. हे भांडण अजून मिटलेलं नाही आणि ते मिटेपर्यंत मला थांबायला वेळ नाही.

पण आपल्या देशात आलं की हे सगळं जरा लटपटतं. बघा, १९९२ मध्ये भारतात ४० हजारांच्या आसपास खून नोंदले गेले होते. तीस वर्षांत लोकसंख्या किती वाढली, आणि खून २८ हजारांवर आले, दर लाखामागे २.१, म्हणजे दर निम्म्याहून खाली. याच तीस वर्षांत विषमता केवढी वाढली, २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला असा अंदाज आहे. विषमता वाढली की खून वाढतात हे इतकं सरळ असतं तर आपल्याकडे रस्त्यावर रक्ताचे पाट वाहिले असते. मग? ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी जिल्हावार आकडे घेऊन २००० साली दाखवलं होतं की भारतात खुनांच्या प्रमाणाचा गरिबीशी किंवा शहरीकरणाशी काही म्हणण्यासारखा संबंध लागत नाही, शिक्षण जास्त तिथे खून कमी, आणि सगळ्यात ठळक संबंध कशाशी लागला तर बायकांच्या प्रमाणाशी, जिथे पुरुषांमागे बायका कमी तिथे खून जास्त. आकडे जुने आहेत, १९८१ च्या जनगणनेच्या वेळचे. तरी मला तो निष्कर्ष अजून महत्त्वाचा वाटतो, कारण तो पैशाकडून नजर हटवून माणसांच्या आपसातल्या नात्यांकडे नेतो. कोणाचा जीव स्वस्त धरला जातो, तिकडे.

आणि मुंबईत फिरलेल्या माणसाला हे आधीच माहीत असतं. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची ४० टक्क्यांवर लोकसंख्या झोपडपट्टीत निघाली, अर्ध्या कोटीहून जास्त माणसं. गरिबी म्हणजे हिंसा असं असतं तर हे शहर चाललं नसतं. धारावीत मी रात्री अकरा-साडेअकराला एकटी चालत सायन स्टेशनला गेलेली आहे, एकदा नाही कितीतरी वेळा, कारण त्या वेळीही कुंभारवाड्यात भट्टी चालू, कोणीतरी शिलाई मशीनवर, चहावाला उघडा, ओट्यावर बाया लसूण सोलत बसलेल्या. आणि याच शहरात अशा सातमजली बिल्डिंगा आहेत, पक्क्या, नळ-संडास घरात, जिथे आठ वाजल्यानंतर आमच्यासोबत काम करणारी मुलगी जिन्यातून वर जायला मागत नाही. गरिबी तीच. किंबहुना बिल्डिंगवाले कागदावर जरा बरेच.

फरक काय, ते शोधायला शिकागोला जावं लागतं, कारण तिथे या गोष्टीचा शंभर वर्षं पिच्छा पुरवलाय. शॉ आणि मॅके या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये दाखवलं की शहरातल्या ठराविक भागांत पोरांचे गुन्हे पिढ्यान्‌पिढ्या जास्तच, मधल्या काळात तिथले रहिवासी बदलले, एका देशातून आलेले गेले आणि दुसरे आले, तरी त्या जागेचा आकडा वरच. म्हणजे 'अमुक लोक आले आणि बिघडलं' हे आपल्याकडे दर इलेक्शनला ऐकू येणारं कारण तिथे तेव्हाच बाद झालं. मग १९९५ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ मोहल्ल्यांतल्या ८,७८२ लोकांना घरी जाऊन साधे प्रश्न विचारले: शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी असली तर शेजारी काही बोलतील का, तुमच्या घरासमोर मारामारी झाली तर कोणी मध्ये पडेल का, एखादं पोरगं मोठ्या माणसाला उलट बोललं तर त्याला कोणी टोकेल का. १९९७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जिथे 'हो, पडतील' असं म्हणणारे जास्त आणि एकमेकांवर विश्वास जास्त, तिथे हिंसा कमी, दोन्ही वस्त्या सारख्याच गरीब असल्या तरी. गरिबीचा, सतत घरं बदलण्याचा जो परिणाम हिंसेवर दिसत होता त्यातला मोठा भाग या एका गोष्टीतून जात होता.

ते वाचलं तेव्हा मला ती पाण्याची गल्ली आठवली. त्या गल्लीत आधी एक मावशी होती. कोणाची सख्खी नाही, सगळ्यांचीच मावशी, विड्यांचं बंडल कमरेला, आवाज असा की भांडी खाली पडावीत. नळावर भांडण लागलं की ती दोघांच्या मध्ये आपला रिकामा डबा आपटायची आणि आधी दोघांच्या आयांना शिव्या घालायची, मग ज्याने हात उचलला त्याला त्याच रांगेत सगळ्यांसमोर माफी मागायला लावायची. लक्ष द्या, सगळ्यांसमोर. गेलेली इज्जत तिथल्या तिथे परत मिळायची, तीन दिवस ती पोटात कुजत राहायची नाही. रस्ता रुंदीकरणात तिचं घर कटिंगमध्ये गेलं, तिला मानखुर्दला पाचव्या मजल्यावर खोली मिळाली. सुऱ्याची केस त्यानंतरची. मावशी असती तर झालंच नसतं असं मी कोर्टात शपथेवर सांगणार नाही, पण गल्लीतली कोणतीही बाई सांगेल.

आणि ती जिथे गेली तिथे काय? मुंबईत रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रोजेक्टसाठी २००० नंतर हजारो कुटुंबं उठवून लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींमध्ये नेली, २२५ चौरस फुटांच्या खोल्या. पालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात या वसाहती ज्यात येतात तो एम पूर्व वॉर्ड (मानखुर्द-गोवंडीचा) शहरात सगळ्यात तळाला होता, म्हणजे जिथे आधीच सगळ्यात कमी आहे तिथेच अजून गरीब माणसं आणून ओतली. दादरची माणसं, कुर्ल्याची माणसं, रुळाजवळची, नाल्याजवळची, एकाच जिन्यात, कोणी कोणाला ओळखत नाही. घरकामाच्या बाया जुन्या घरांपासून लांब पडल्या, कामं सुटली. खाली ओटा नाही. पोरगं चौथ्या मजल्यावरून खाली गेलं की कोणाचं आहे हेच कोणाला माहीत नाही, मग टोकणार कोण, आणि टोकलं तर त्याचे आईबाप 'तू कोण आमच्या पोराला बोलणारी' म्हणून अंगावर येणार. घर पक्कं मिळालं आणि मावशीची सत्ता गेली. झोपडीच चांगली होती असं मी म्हणत नाही हां, पावसात गुडघाभर पाण्यात राहिलेल्या माणसाला ते जाऊन सांगायची माझी हिंमत नाही. पण खोली देताना शेजार तोडला, त्याचा हिशोब कोणत्याच फाइलीत नव्हता.

आता गिरणगाव, लालबाग-परळचा कापडगिरण्यांचा भाग. हे उदाहरण मराठी घरात सगळ्यांना माहीत आहे पण ते चुकीच्या पद्धतीने सांगितलं जातं, संप झाला, बेकारी आली, पोरं गँगमध्ये गेली, खलास. भायखळ्याची रामा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी ही गँगवाली मंडळी संपाच्या आधीपासून होती. लालबाग-परळ संपाआधी काय श्रीमंत होतं का? दहा बाय बाराच्या खोलीत दहा-बारा माणसं, पाळीने झोपणारी. पण खानावळवाली होती, युनियन होती, व्यायामशाळा, भजनी मंडळ, गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, आणि पोराला जॉबरच्या (कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या) ओळखीने, बदली कामगार म्हणून का होईना, गिरणीत चिकटवता यायचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो रीतसर कधी मिटलाच नाही. त्यात पगार गेला हे खरंच, पण त्याहून मोठं म्हणजे बापाचा शब्द गेला. जो बाप सकाळच्या भोंग्याला डबा घेऊन निघायचा तो खाटेवर बसला, त्याचं पोरगं का ऐकणार? आणि त्याच वेळी, हे विसरू नका, पायाखालच्या गिरणीच्या जमिनीचा भाव आकाशाला भिडत होता. एका अंगाला उपाशी चाळ आणि दुसऱ्या अंगाला कोट्यवधींची जमीन, आणि ती जमीन मोकळी करून घ्यायला, युनियन दाबायला, खंडणी उकळायला 'पोरं' लागणार. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव भर रस्त्यात मारले गेले, १९९७ च्या जानेवारीत संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत पवईत. विषमतेचं काम इथे दिसतं, नुसतं जळफळाट म्हणून नाही तर बाजार म्हणून. हिंसा विकत घेणारा पैसेवाला आणि विकणारा रिकामा, दोघे एकमेकांपासून दोन गल्ल्यांवर. दरीच्या खालच्या टोकाची सगळेच चर्चा करतात, वरच्या टोकाला गिऱ्हाईक बसलेलं असतं ते कोणी बघत नाही. आणि तरीही, लालबागची बहुतेक पोरं गँगमध्ये गेली नाहीत. वडापावच्या गाड्या टाकल्या, वॉचमन झाले, गावी गेले, आयांनी खानावळी चालवून, मसाले कुटून, धुणीभांडी करून शिकवलेले क्लार्क झाले. तुमच्या प्रश्नातली 'सरळ राहिलेली पोरं' ती हीच.

दुसरी बाजू पोलिसांची. मावशी नसेल तर माणूस पोलीस चौकीत जातो. पाण्याच्या केसमध्ये पोराची आई कानाखाली बसल्याच्या दिवशीच गेली होती, हे मी मुद्दाम आधी सांगितलं नाही. तिची एनसी लिहून घेतली, म्हणजे अदखलपात्र, म्हणजे कागदाचा तुकडा, आणि 'आपसात मिटवा' म्हणून घरी पाठवली. आता मोटरवाल्याला दोनदा बोलावून दम दिला असता तरी पुरलं असतं. वस्तीत लोक कायदा हातात घेतात, कारण कायद्याच्या हातात द्यायला गेले तर तो घेत नाही. नागपूरच्या कस्तुरबा नगरचं २००४ चं प्रकरण आठवा. अक्कू यादव नावाच्या गुंडाने त्या वस्तीला वर्षानुवर्षं छळलं, बलात्कार, खंडणी, खून, तक्रारी केल्या तर त्याच्याच कानावर जायच्या अशी लोकांची तक्रार, आणि शेवटी १३ ऑगस्टला जिल्हा न्यायालयाच्या आवारात, कोर्टातच, वस्तीतल्या बायांच्या जमावाने त्याला मारलं. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांकडे भाजी चिरायच्या सुऱ्या आणि मिरचीची पूड होती. गरिबी होतीच, पण गरिबीमुळे झालं असं म्हणाल का? शहराच्या त्या तुकड्यात सरकार पोचलेलंच नव्हतं.

उलटं उदाहरण पण आहे आणि तेही आपलंच. भिवंडी, यंत्रमागांचं गाव, दाटी, गरिबी, बाहेरून आलेले मजूर, १९७० आणि १९८४ च्या दंग्यांचा डाग. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या, दोन्ही धर्मांची साधी माणसं, पुढारी नव्हेत, आणि सोबत एक ठरवून दिलेला पोलीस, नियमित बैठका, नळ-गटार-भाडेकरू असली भांडणं तिथेच सोडवायची. लोकांना वाटलं टाइमपास आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगलीत सुमारे नऊशे माणसं मेली, आणि पन्नास किलोमीटरच्या आतली भिवंडी शांत राहिली. त्या चार वर्षांत भिवंडी काही श्रीमंत झाली नव्हती. दंगल आणि गल्लीतली सुरेबाजी एकच नव्हे, मान्य, पण यंत्रणा तीच आहे, छोटं भांडण मोठं व्हायच्या आत ते घेऊन जायला एक ओळखीचं दार.

एक गोष्ट अभ्यासांत कमी आणि माझ्या कामात रोज दिसते, की गाडी उलट्या दिशेनेही धावते. गरिबीने हिंसा होते की नाही यावर वाद घाला, हिंसेने गरिबी येते यावर वाद नाही. तो पाण्याच्या केसमधला पोरगा चौदा महिने आत होता. जामीन आधीच मंजूर झालेला, पंधरा हजारांचा, पण जामीनदार कुठून आणायचा, स्वतःचं घर नाही, सॉल्व्हन्सीचे, म्हणजे ऐपतीचे कागद नाहीत, कॅश भरायला बापाने रिक्षा विकली आणि ते पैसे आधीच एका वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यात संपले. धाकटा भाऊ नववीतून उठून त्याच चिकनच्या दुकानात. ज्याला सुरा लागला त्या मोटरवाल्याचं आतडं शिवलं, तो हमालीला जाऊ शकत नाही, त्याच्या बायकोने मोटर विकली. दोन घरं एकाच भांडणात एक पायरी खाली. २०२२ च्या आकड्यांत देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन, गुन्हा शाबीत न झालेले. यात पैसेवाला किती दिवस राहतो ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून 'जेलमध्ये बघा कोण आहेत, गरीबच ना' असं कोणी म्हणालं की मी म्हणते, जेल बघून गुन्हेगार कोण ते कमी कळतं, जामीनदार कोणाकडे नाही ते जास्त कळतं.

मग करायचं काय असतं? पैसा देऊन उपयोग होतो का? होतो, पण कसा दिलाय त्यावर. शिकागोमध्येच एक प्रयोग झाला होता, हिंसा जास्त असलेल्या भागातल्या १३ शाळांमधल्या १,६३४ मुलांपैकी काहींना चिठ्ठी काढल्यासारखं निवडून उन्हाळ्यात आठ आठवडे साधी नोकरी दिली, सोबत एक मोठं माणूस बघायला. पुढच्या सोळा महिन्यांत त्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि बराचसा फरक नोकरी संपल्यानंतरचा, म्हणजे पोरं नुसती कामात अडकली होती म्हणून नव्हे. माझा अंदाज, आणि हा माझाच अंदाज आहे, की 'माझी किंमत अजून एका ठिकाणी लागते' हे एकदा कळलं की नाक्यावरच्या कानाखालीचं वजन उतरतं. फिलाडेल्फियात तर नुसत्या मोकळ्या पडीक जागा साफ करून, गवत लावून, छोटं लाकडी कुंपण घालून बघितलं, ५४१ जागा, आणि गरीब भागात त्या जागांच्या आसपासची बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी उतरली. आमच्याकडे बंदुका नाहीत ही देवाची कृपाच म्हणा, त्याच खुन्नसीला आपल्याकडे सुरा लागतो आणि सुऱ्याने माणूस बऱ्याचदा वाचतो, हाफ मर्डर हाफच राहतो. पण पडीक जागेचं मात्र जसंच्या तसं लागू. संडासाच्या मागचा बल्ब लावून घ्यायला आम्ही एका वस्तीत सात महिने अर्ज केले, लागला तेव्हा तिथे बसणारी सोल्युशन हुंगणारी पोरं दुसरीकडे गेली. दुसरीकडे गेली, सुधारली नाहीत, तेवढं खोटं बोलणार नाही.

पाण्याबद्दल पण एक. त्या गल्लीत पुढे वेळ वाढवून घेतली, साडेचार ते सहा, आणि मोटरी कापल्या. नळावरची भांडणं बंद नाही झाली, पण ती आता तोंडाचीच असतात. गुन्हेगारी कमी करण्याच्या कोणत्याही सरकारी योजनेत 'पाण्याची वेळ पाऊण तासाने वाढवणे' असं कलम मी अजून बघितलेलं नाही.

तुमच्या फ्लॅटचं. खाली वस्ती आहे एवढ्यावरून मी नाही म्हणणार नाही. एकदा संध्याकाळी सात-साडेसातला आणि एकदा रविवारी सकाळी त्या वस्तीतून चालून या, दोघं जा, चहा प्या. बघा ओट्यावर बाया बसल्यात का, पोरं खेळताना कोणी म्हातारा त्यांच्यावर ओरडतोय का, दुकानदाराला गिऱ्हाइकांची नावं माहीत आहेत का, मंडळाचा बोर्ड ताजा आहे का. वस्ती किती वर्षांची आहे विचारा, आणि ती उठणार आहे का तेही विचारा, कारण एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) नोटीस लागलेली, निम्मी रिकामी झालेली, ट्रान्झिटला म्हणजे तात्पुरत्या घरांत गेलेली वस्ती हा सगळ्यात वाईट काळ असतो, अर्धी घरं पत्रे ठोकून बंद, दिवे नाहीत, माणसं नाहीत, आणि भाड्याच्या चेकवरून बिल्डरच्या माणसांशी रोज हमरीतुमरी. तसं असेल तर दोन वर्षं थांबा.

आणि घेतलाच फ्लॅट तर एक गोष्ट नक्की होईल, पहिल्याच जनरल बॉडी मीटिंगमध्ये कोणीतरी विषय काढेल की मागच्या गेटजवळून वस्तीतले लोक स्टेशनला जातात ती वाट बंद करा, भिंत घाला, वर काचा लावा. त्या वाटेने सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत बाया जा-ये करतात, त्यातल्या निम्म्या तुमच्याच बिल्डिंगमध्ये भांडी घासायला येणार आहेत. भिंत घातली की त्या लांबून फिरून जातील आणि ती पट्टी ओस पडेल, आणि मग तिथे कोण येऊन बसेल ते मी चोवीस वर्षं बघतेय. तेव्हा हात वर करून विरोधात मत द्या, आणि मिनिट्समध्ये तसं लिहून घ्या.